कंपनीचा स्टिरिओ तसाच ठेवून गाडीत अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर कसे बसवायचे

बाबांना घेऊन पंढरपूरला निघालो होतो. दिवे घाट चढताना गाडीत पंडित भीमसेन जोशींचे अभंग लावले होते. सासवड यायच्या आत बाबा म्हणाले, "अरे, पखवाज नुसता टकटक करतोय. त्याची घुमक कुठे गेली?" बाबांनी गावच्या भजनी मंडळात उभा जन्म पखवाज वाजवलाय. डाव्या पुडीला ओली कणीक लावली की जो खोल, भरलेला आवाज निघतो तो त्यांच्या कानात पक्का बसलेला. माझ्या स्विफ्टच्या कंपनी स्पीकरमधून तो येतच नव्हता, उरली होती फक्त उजव्या हाताची टपटप.

परत आल्यावर मी घाईघाईत एका दुकानात सिस्टीम बसवून घेतली. ती वर्षभरात पूर्ण उघडावी लागली. दुसऱ्यांदा सगळं स्वतः शिकून, दोन रविवार घालवून केलं. पहिल्या खेपेला मला जे कोणी सांगितलं नाही ते इथे क्रमाने लिहितोय. तुम्ही स्वतः बसवणार नसाल तरी वाचा. दुकानात उभं राहून काय बघायचं, कशाला नाही म्हणायचं, हे कळेल.

स्टिरिओ का बदलायचा नाही, हे आधी सांगतो. आजच्या गाड्यांत रिव्हर्स कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणं, फोनचा माइक हे सगळं त्याला जोडलेलं असतं. काही गाड्यांत पार्किंगचा बीपसुद्धा त्याच्याच स्पीकरमधून येतो. तो काढला की यातलं काहीतरी रुसतंच. आणि खरं सांगायचं तर आवाजातला मोठा दोष बहुतेक वेळा स्टिरिओत नसतो. तो दारात असतो.

१. वॅटचा हिशोब आधी समजून घ्या

स्टिरिओच्या माहितीत "५० वॅट गुणिले ४" असं लिहिलेलं असतं. हा आकडा क्षणभराचा, शिखराचा असतो. गाडी चालू असताना वायरिंगमध्ये साधारण १४.४ व्होल्ट मिळतात आणि स्टिरिओच्या आतल्या आयसीला (चिपला) तेवढ्यातच भागवावं लागतं. ४ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) स्पीकरला त्यातून एक टक्काही तोटा न धरता जास्तीत जास्त २६ वॅट आरएमएस, म्हणजे सलग टिकणारे वॅट, मिळतील. प्रत्यक्षात १५ ते २० हाती लागतात. त्याच्या पुढे आवाज वाढवला की तो मोठा होत नाही, फाटतो.

म्हणून काहीही घेताना फक्त आरएमएस वॅट विचारा. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले १००० वॅट, १५०० वॅट विसरा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात आरएमएसचा आकडा असतो, तो ४ ओहमला किती आहे ते बघा. तो आकडाच छापलेला नसेल तर ती वस्तू घेऊ नका.

आणखी एक आकडा लोक बघत नाहीत, तो म्हणजे स्पीकरची सेन्सिटिव्हिटी. ३ डेसिबल जास्त सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर निम्म्या वॅटमध्ये तेवढाच आवाज देतो. म्हणजे ९२ डेसिबलचा स्पीकर २० वॅटवर जितका वाजेल, तितका वाजायला ८९ वाल्याला ४० वॅट लागतात. अ‍ॅम्प पुढच्या वर्षी घ्यायचा विचार असेल तर आज जास्त सेन्सिटिव्हिटीचे स्पीकर घ्या.

२. कागद आणि सामान

कागद आधी काढून ठेवा:

- गाडीचं वॉरंटीचं पुस्तक. कंपनीची वायर कापली तर इलेक्ट्रिकल भागाची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. वॉरंटी चालू असेल तर एकही वायर न कापता, कपलर (वायर जोडायचा प्लग) लावून काम करायचं.
- विम्याची पॉलिसी. बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रिकल वस्तू पॉलिसीत आपोआप येत नाहीत. त्याबद्दल शेवटी लिहिलंय.
- स्टिरिओचा सिक्युरिटी कोड, असल्यास. बॅटरी काढून परत लावल्यावर काही स्टिरिओ कोड मागतात. कोड हाताशी नसेल तर सर्व्हिस सेंटरची फेरी ठरलेली.
- सगळ्या वस्तूंची पक्की बिलं.

हत्यारं: दहाचा आणि बाराचा पाना, चांगला स्टार स्क्रू ड्रायव्हर, प्लास्टिकच्या पट्ट्यांचा सेट (लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने डॅशबोर्ड उचकटू नका, ओरखडे राहतात), क्रिंपिंगची पक्कड, मल्टिमीटर, पॉलिश पेपर, हीट श्रिंक स्लीव्ह, कापडी वायरिंग टेप, केबल टाय, रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसणारी रिंग, वायर कडेला घासू नये म्हणून) आणि दीडेक मीटर ताठ तार. साधी काळी इन्सुलेशन टेप टाळा. एका उन्हाळ्यात तिचा गोंद सुटून चिकट राड होते.

३. काय विकत घ्यायचं

नवख्या माणसासाठी मी एकच मांडणी सुचवतो. एक चार चॅनेलचा क्लास डी अ‍ॅम्प घ्या, ४ ओहमला ५० ते ६० वॅट आरएमएस प्रत्येक चॅनेल. पहिले दोन चॅनेल पुढच्या दारांतल्या कंपोनंट स्पीकरना (मुख्य स्पीकर वेगळा आणि बारीक सुरांचा छोटा ट्वीटर वेगळा). उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, एका लहान, ८ किंवा १० इंची सबवूफरला (फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर). मागच्या दारांचे स्पीकर कंपनीचेच, स्टिरिओवरच राहू द्या. गाणं समोरून ऐकायचं असतं. मागे पैसे घालून गाडीतल्या आवाजात फारसा फरक पडत नाही.

अ‍ॅम्प निवडताना त्याला हाय लेव्हल इनपुट आहे का ते नक्की बघा. त्याला स्पीकर लेव्हल इनपुटही म्हणतात. कंपनीच्या स्टिरिओला मागे आरसीए जॅक (सिग्नल बाहेर द्यायच्या खाचा) बहुधा नसतात, त्यामुळे सिग्नल स्पीकरच्या वायरमधूनच घ्यावा लागतो. अ‍ॅम्पला ही सोय नसेल तर मध्ये लाइन आउटपुट कन्व्हर्टर (स्पीकरचा सिग्नल आरसीएजोगा करणारा डबा) लावावा लागतो. हाय लेव्हल इनपुटबरोबर ऑटो ऑन (स्टिरिओ लागला की आपोआप चालू होणं) असेल तर उत्तम, एक वायर कमी ओढावी लागते.

सबवूफरचा ओहम खरेदीच्या वेळीच तपासा. बहुतेक चार चॅनेल अ‍ॅम्प ब्रिज केल्यावर ४ ओहमच्या खाली चालत नाहीत. दोन कॉइलचा, प्रत्येकी २ ओहमचा वूफर सीरिजमध्ये जोडला तर ४ ओहम होतो. पॅरलल जोडला तर १ ओहम होतो, आणि अ‍ॅम्प प्रोटेक्शनमध्ये जातो (स्वतःला वाचवायला बंद पडतो) किंवा जळतो.

स्पीकरचं माप खोक्यावरून ठरवू नका. पुढच्या दारात सहसा साडेसहा इंची बसतो, पण खोली महत्त्वाची. दाराचं पॅड काढून काच पूर्ण खाली घ्या आणि मग पट्टीने मोजा. काच वर असताना मोजलं तर स्पीकर छान बसतो आणि पहिल्यांदा काच खाली केली की मॅग्नेटवर आपटते.

पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास, किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला फ्यूज होल्डर, लग (वायरच्या टोकाला लावायची धातूची कडी), वायर, स्लीव्ह असं सटरफटर सामान सुटं आणि चांगलं मिळतं. अ‍ॅम्प आणि स्पीकर मात्र अधिकृत विक्रेत्याकडून, सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या. माझ्या एकूण खर्चातला जवळजवळ तिसरा हिस्सा वायर, फ्यूज आणि दाराच्या डॅम्पिंगवर (पत्र्याची थरथर थांबवणाऱ्या शीटवर) गेला. तो मला आज अजिबात जास्त वाटत नाही.

४. गाडी उघडण्याआधी

बॅटरीचा निगेटिव्ह काढा. हे पहिलं काम, दुसरं नाही. निदान तीन मिनिटं थांबा, कारण एअरबॅगच्या सर्किटमध्ये थोडा वेळ चार्ज राहतो. पिवळा कपलर किंवा पिवळी स्लीव्ह असलेली वायर दिसली की हात मागे घ्या, ती एअरबॅगची. पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबात कर्टन एअरबॅग असेल तर ट्वीटरची वायर तिच्या पुढून किंवा वरून कधीही नेऊ नका. एअरबॅग फुगताना वाटेत काहीही असता कामा नये.

सीट काढायची वेळ आली तर तिच्याखालचा पिवळा कपलर सुटलेला असताना इग्निशन लावू नका. डॅशवर एअरबॅगचा दिवा कायमचा पेटून बसतो. स्मार्ट हायब्रिड गाडी असेल तर पुढच्या सीटखाली लिथियम बॅटरीचा डबा असू शकतो. आधी टॉर्च घेऊन वाकून बघा.

५. पॉवरची वायर

सगळ्यात जास्त जीव इथे ओता. या कामात गाडीला आग लागण्याचा धोका मुख्यतः या एका वायरमुळेच असतो.

माझ्या पहिल्या कामात काय झालं होतं ते सांगतो. पावसाळ्यानंतर बोनेट उघडून वायर बघत होतो. इंजिनमागच्या पत्र्याला दुकानदाराने नवं भोक पाडून लाल वायर थेट त्यातून आत घेतली होती, ग्रोमेट नव्हतंच. पत्र्याच्या कडेला घासून लाल आवरण अर्ध्यापर्यंत कापलं गेलं होतं आणि आत तांब्याचे धागे चमकत होते. फ्यूज कुठे? डिक्कीत, अ‍ॅम्पच्या शेजारी. म्हणजे ती वायर पत्र्याला टेकली असती तर बॅटरीपासून तिथपर्यंत करंट अडवणारं काहीही नव्हतं. ती वायर ज्या सीटजवळून जात होती, तिथे माझी मुलगी रोज बसायची. मी तिथल्या तिथे बॅटरीवरून वायर काढून टाकली.

म्हणून लक्षात ठेवा, मुख्य फ्यूज अ‍ॅम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो. तो बॅटरीच्या टर्मिनलपासून ४५ सेंटिमीटरच्या आत बसलाच पाहिजे. अ‍ॅम्पला त्याचा स्वतःचा फ्यूज वेगळा असतो.

वायरची जाडी काढायचा हिशोब सोपा आहे. पुढच्या दोन स्पीकरना ५०-५० आणि वूफरला १५०, मिळून २५० वॅट. क्लास डी अ‍ॅम्पची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर त्याला ३१२ वॅट लागतील. भागिले १३.८ व्होल्ट, म्हणजे साधारण २३ अँपिअर. यासाठी ८ गेजची, म्हणजे जवळपास ८.४ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची वायर आणि ३० अँपिअरचा फ्यूज पुरतो. पुढे मोठा अ‍ॅम्प घ्यायचा मनात असेल तर आत्ताच ४ गेज ओढा (गेजचा आकडा लहान, वायर जाड). वायर पुन्हा ओढणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे.

बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या वायरची किट सर्रास विकली जातात. बाहेरून ती तांब्यासारखीच दिसते. एक धागा ब्लेडने खरवडा. आत पांढरं निघालं तर ते अ‍ॅल्युमिनियम. ती वापरायचीच असेल तर एक-दोन माप जाड घ्यावी लागते, आणि आपल्या दमट हवेत तिचे जोड लवकर खराब होतात. मी तिच्या वाटेला जाणार नाही. घराच्या वायरिंगची वायरही नको, ती कमी आणि जाड धाग्यांची असते आणि गाडीच्या थरथरीत तुटते.

ओढायची पद्धत अशी. इंजिनमागच्या पत्र्यात कंपनीच्या वायरिंगसाठी मोठं रबरी ग्रोमेट असतं. त्याला कडेला छोटा छेद देऊन, वायरच्या टोकाला भांड्यांच्या साबणाचं बोट लावून, ताठ तारेला बांधून आत ओढा. इंजिनच्या बाजूला वायरवर लवचीक नळी चढवा. ग्रोमेटच्या आधी वायरला खालच्या बाजूने एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी वायरवरून ओघळत आत न येता झोळाच्या तळाशी ठिबकून जाईल. लोणावळ्याच्या एका पावसातच या झोळाची किंमत कळते. सायलेन्सरचा गरम भाग, स्टिअरिंगचा दांडा आणि पेडल यांच्यापासून वायर लांब ठेवा, आणि दर फूटभरावर टायने बांधा.

आत आल्यावर पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूच्या उंबऱ्याखालून न्या आणि सिग्नलच्या वायर दुसऱ्या बाजूने. दोन्ही एकत्र बांधल्या तर इंजिनच्या आवाजाची शिट्टी गाण्यात मिसळते.

फ्यूज होल्डर लावा, पण फ्यूज आत्ता घालू नका. तो सगळ्यात शेवटी.

६. अर्थ

अर्थची वायर (गाडीच्या बॉडीला जोडायची वजा वायर) पॉवरच्या वायरइतकीच जाड आणि शक्य तितकी आखूड, ४५ सेंटिमीटरच्या आत. जिथे बसवणार तिथला रंग पॉलिश पेपरने पूर्ण घासा, पांढराशुभ्र पत्रा दिसला पाहिजे. क्रिंप केलेला गोल लग, त्यावर दातेरी वॉशर, मग बोल्ट. घट्ट झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंग लावा, नाहीतर कोकणच्या एका फेरीत गंज धरतो.

सीट बेल्टचा बोल्ट अर्थसाठी वापरायचा नाही. दुकानात हे सर्रास करतात कारण बोल्ट तयार मिळतो. पण तो बोल्ट अपघातात माणसाचं वजन धरायला ठरावीक ताकदीने आवळलेला असतो.

नवं भोक पाडावंच लागलं तर आधी गाडीखाली वाकून बघा. पेट्रोलची टाकी बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखाली असते. सीएनजी गाडी असेल तर टाकी बहुधा डिक्कीत असते आणि तिची उच्च दाबाची नळी तळाखालून इंजिनकडे जाते. सीएनजीच्या टाकीच्या पट्ट्यांना, ब्रॅकेटला किंवा व्हॉल्व्हजवळ काहीही जोडू नका. अ‍ॅम्पही तिथे नको, पुढच्या सीटखाली ठेवा.

७. सिग्नल कुठून घ्यायचा

स्टिरिओ पुढे ओढा, मागचा मोठा कपलर काढा. गाडीच्या मॉडेलप्रमाणे तयार टी कपलर मिळतो. तो मध्ये बसवला की पुढच्या स्पीकरच्या चार वायर अ‍ॅम्पकडे वळवता येतात आणि गाडी विकताना सगळं पूर्ववत करता येतं.

वायरच्या रंगांवर विश्वास ठेवू नका. दारातला स्पीकर उघडून, वायर स्टिरिओपासून सुटी असताना, दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवा. स्पीकरचा पडदा बाहेर उसळला तर सेलच्या अधिक बाजूला जी वायर टेकली ती अधिक. आत गेला तर उलट. प्रत्येक वायरला लगेच चिठ्ठी लावा.

आता एक महत्त्वाची गोष्ट. कंपनीच्या स्टिरिओत स्पीकरची वजा वायर म्हणजे अर्थ नव्हे. दोन्ही वायर जिवंत असतात. स्टिरिओ चालू करून मल्टिमीटरची एक काडी स्पीकरच्या कुठल्याही वायरला आणि दुसरी बॉडीला लावलीत तर सहसा ६ व्होल्टच्या आसपास डीसी दिसतो, बॅटरीच्या निम्मा. याच ६ व्होल्टवरून ऑटो ऑनवाल्या अ‍ॅम्पला कळतं की स्टिरिओ चालू झाला. पण स्पीकरची वजा वायर बॉडीला जोडली की स्टिरिओची आयसी गेलीच म्हणून समजा.

ऑटो ऑन नसेल तर रिमोटची वायर (चालू हो असा इशारा देणारी) लागते. ती फ्यूज बॉक्समधल्या अशा फ्यूजवरून फ्यूज टॅप लावून घ्या जो चावी फिरवल्यावरच चालू होतो. कायम चालू असलेल्या फ्यूजवरून घेतली तर अ‍ॅम्प रात्रभर जागा राहतो आणि सकाळी गाडी स्टार्ट होत नाही. एअरबॅग आणि ब्रेकचे फ्यूज सोडून दुसरा कुठलाही निवडा.

८. दार

कंपनीचा स्पीकर बाहेर काढून तळहातावर घेतला तेव्हा मला धक्का बसला. पापडासारखा हलका, मॅग्नेट पेढ्याएवढा. पण नवा, वजनदार स्पीकर त्याच जागी नुसता लावला तेव्हाही पखवाज घुमला नाही. कारण दार. पत्र्याला मोठमोठी भोकं असतात, ती फक्त पातळ प्लास्टिकने झाकलेली. स्पीकरच्या मागून निघालेला आवाज त्या भोकांतून पुढे येतो आणि पुढच्या आवाजातला खर्ज खाऊन टाकतो. भजनी मंडळातल्या माणसाला हे समजावणं सोपं आहे: फाटक्या पुडीवर थाप मारल्यासारखं होतं.

दाराचं काम असं करा:

पॅडच्या क्लिपा प्लास्टिकच्या पट्टीने खालून सुरू करून सोडवा, चार-पाच तुटतीलच, नव्या आधीच आणून ठेवा. बाहेरच्या पत्र्याची आतली बाजू स्पिरिटने पुसून, स्पीकरच्या बरोबर मागे आणि दाराच्या मधोमध ब्यूटिल रबरचं, वर अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेलं डॅम्पिंग शीट रोलरने दाबून चिकटवा. संपूर्ण पत्रा झाकायची गरज नाही, साधारण अर्धा पुरे. बोटाच्या पेराने आधी आणि नंतर वाजवून बघा. टण्ण आवाजाचा थप्प झाला पाहिजे. मग आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद करा.

डांबराचं स्वस्त शीट घेऊ नका. विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीत ते मऊ होऊन ओघळतं आणि वास जाता जात नाही.

दाराच्या तळाशी असलेली पाणी जायची भोकं कधीही बंद करू नका. काचेवरचं पावसाचं पाणी दाराच्या आत उतरतं, ते तिथूनच बाहेर पडतं. ती बुजली तर दार आतून सडतं. याच कारणासाठी स्पीकरखालची रिंग एमडीएफची नको, एका पावसाळ्यात फुगते. प्लास्टिकची किंवा मरीन प्लायची घ्या. स्पीकर आणि रिंग यांच्यामध्ये फोमची पट्टी लावा, फट राहता कामा नये.

ट्वीटर कंपनीच्या जागीच बसवा. कंपनीचा ट्वीटर बऱ्याचदा दारातल्या स्पीकरच्याच वायरवर, एक छोटा कपॅसिटर लावून जोडलेला असतो. नव्या सेटचा क्रॉसओव्हर (जाड आणि बारीक सूर वेगळे करून वाटणारा भाग) लावलात तर ते जुनं जोडकाम सोडवा. दोन्ही राहिले तर अ‍ॅम्पवर भार वाढतो आणि आवाज कर्कश होतो.

९. अ‍ॅम्पची जागा

पुढच्या सीटखाली जागा चांगली असते, पण आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पायाखालचा गालिचा ओला असतो. अ‍ॅम्प थेट गालिच्यावर ठेवू नका, इंचभर उंच पाटावर स्क्रूने बसवा. सीट पुढे-मागे पूर्ण सरकवून बघा, कुठे अडकत नाही ना. चारही बाजूंनी हवा खेळली पाहिजे. अ‍ॅम्प वूफरच्या खोक्यावर बसवायची पद्धत आहे, ती टाळा. सततच्या हादऱ्याने आतले सोल्डर सुटतात.

१०. पहिल्यांदा चालू करताना

सगळे जोड पुन्हा हाताने ओढून तपासा. मल्टिमीटरने पॉवर वायर आणि बॉडी यांत शॉर्ट नाही ना ते बघा. गेन पूर्ण खाली, इक्वलायझर सपाट, बास बूस्ट बंद. मग बॅटरीचा निगेटिव्ह लावा आणि शेवटी मुख्य फ्यूज घाला. फ्यूज घालताना बारीक ठिणगी दिसली तर घाबरू नका, अ‍ॅम्पमधले कपॅसिटर भरत असतात. फ्यूज लगेच उडाला मात्र, तर मोठा फ्यूज घालून बघू नका. शॉर्ट शोधा.

११. गेन आणि क्रॉसओव्हर

गेन हे व्हॉल्यूमचं बटण नाही. स्टिरिओचा सिग्नल आणि अ‍ॅम्प यांचं माप जुळवायचं ते साधन आहे. कानाने अंदाजे फिरवून लोक सगळ्यात जास्त स्पीकर इथेच जाळतात.

मापाने करा. स्पीकर अ‍ॅम्पपासून सोडवा. फिल्टर बंद ठेवा. पेन ड्राइव्हवर ० डेसिबलचा, म्हणजे पूर्ण पातळीवर रेकॉर्ड केलेला, सलग सूर घ्या, दाराच्या चॅनेलसाठी २०० हर्ट्झच्या आसपास आणि वूफरसाठी ५० हर्ट्झ. साधे मल्टिमीटर फार वरच्या फ्रिक्वेन्सीला बरोबर मोजत नाहीत म्हणून हे आकडे. ब्लूटूथवरून नको, पेन ड्राइव्हच. वेगाप्रमाणे आवाज वाढवणारी सोय स्टिरिओत असेल तर ती बंद करा. व्हॉल्यूम तीन चतुर्थांश, म्हणजे ४० पैकी ३०.

आता वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ काढा. ५० वॅट आणि ४ ओहमला २०० चं वर्गमूळ, १४.१ व्होल्ट एसी. ब्रिज केलेल्या १५० वॅटला ६०० चं, २४.५ व्होल्ट. मीटरवर तेवढे दिसेपर्यंत गेन सावकाश वाढवा आणि थांबा. मग स्पीकर जोडा, दारांना हाय पास ८० हर्ट्झ (त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर), वूफरला लो पास ८० हर्ट्झ (त्यावरचे अडवणारा). वूफर जास्त वाटला तर त्याचा गेन कमी करायचा, दारांचा वाढवायचा नाही.

कंपनीच्या स्टिरिओची एक खोड असते. लहान स्पीकर फाटू नयेत म्हणून आवाज वाढवला की तो आपणहून खर्ज कमी करतो. तुमच्याही स्टिरिओत हे जाणवलं तर वूफर मध्यम आवाजावर जुळवा, अगदी हळू आवाजावर नाही.

कानाची परीक्षा ओळखीच्या रेकॉर्डिंगवर घ्या. मी तबल्याची सोलो लावतो. डग्ग्यावर मनगट सरकवलं की सूर जो खालून वर चढतो, तो एकसंध ऐकू आला पाहिजे. मध्येच तो डिक्कीत जाऊन परत दारात आल्यासारखा वाटला तर वूफरची अधिक-वजा वायर उलटी करून बघा. जे जास्त भरीव वाटेल ते ठेवा.

१२. कुरकुर आली तर

इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी: आधी अर्थ पुन्हा घासा, मग पॉवर आणि सिग्नल वायर वेगळ्या करा. दहापैकी नऊ वेळा यातच सापडतं. फिल्टर विकत घेणं हा शेवटचा उपाय.

गाणं बंद असताना सूंऽ असा आवाज: गेन जास्त आहे.

खर्ज गायब, आवाज पोकळ: एका दाराचं अधिक-वजा उलटं झालंय.

थोड्या वेळाने अ‍ॅम्प बंद पडतो: हवा मिळत नाही किंवा ओहम कमी आहे.

१३. काम झाल्यावर

बिलं घेऊन विमा कंपनीला कळवा. मोटर पॉलिसीत बाहेरच्या इलेक्ट्रिकल वस्तूंसाठी आयएमटी २४ नावाची पुरवणी असते. त्या वस्तूंच्या किमतीच्या सहसा ४ टक्के हप्ता जास्त भरावा लागतो. ती घेतली नसेल तर चोरी झाल्यावर किंवा पाण्यात गेल्यावर सिस्टीमचे पैसे मिळत नाहीत.

पंधरा दिवसांनी बॅटरीवरचा, फ्यूज होल्डरचा आणि अर्थचा जोड पुन्हा आवळा, सुरुवातीला ते हमखास थोडे ढिले होतात. तेव्हा हात लावून बघा, कुठलाही जोड गरम लागता कामा नये. पहिल्या मोठ्या पावसानंतर पायाखालचा गालिचा उचलून ग्रोमेटजवळ ओल आहे का तेही बघा.

कंपनीचे स्पीकर, त्यांचे स्क्रू आणि जुन्या क्लिपा एका डब्यात घालून, वर गाडीचं मॉडेल लिहून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना अर्ध्या दिवसात ते परत बसतात आणि तुमचा अ‍ॅम्प पुढच्या गाडीत जातो.